दुसरा चालक

आमच्या दादाला गॅरेजवाले पाठीमागे 'जुनामार' म्हणायचे. दादा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी विमा कंपनीच्या वतीने बघायची, काय मोडलंय, कशाने मोडलंय आणि कंपनीने त्यातलं किती द्यावं हे लिहायचं, हे त्याचं सदतीस वर्षांचं काम. गाडीच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून तो सुरुवात करायचा, हातात वही धरून पूर्ण एक फेरी मारायचा, दारावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "हा जुना मार आहे." म्हणजे हा पोचा या अपघातातला नाही, आधीचा आहे, याचं काही मिळणार नाही. गाडीमालक शपथा घ्यायचे, मिस्त्री हात जोडायचे, दादा ढिम्म. गंजाचा रंग बघून पोचा किती महिन्यांचा आहे ते तो सांगायचा आणि खरं बोलायचं तर बरोबर सांगायचा.

मी त्याची धाकटी बहीण. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे मी तीस वर्षं काढली. त्यामुळे रांगेतली माणसं काय काय करतात हे दादापेक्षा मला जास्त कळतं असं माझं मत आहे, आणि दादाला ते मान्य नाही. त्याला माझी कुठलीच मतं मान्य नसतात, तरी रोज फोन मलाच करतो. दुसरं आहेच कोण?

फोनवरसुद्धा तो अहवाल देतो. "वेळ सकाळी सात चाळीस. ठिकाण स्वयंपाकघर. दूध उतू गेलं, कारण चालकाचं दुर्लक्ष." मी हसते. पण "दादा, तुला कसं वाटतंय?" असं विचारलं की तुमच्याकडे पाऊस आहे का म्हणतो. पुढे मी जे सांगणार आहे ते त्याच्या अशाच अहवालांतून गोळा केलेलं आहे. अधेमधे जी ठिगळं लागली ती माझी, आणि ती कुठे आहेत ते मी सांगणार नाही.

त्याची एकुलती एक लेक, माझी भाची, लग्नानंतर परदेशी गेली आणि तिकडचीच झाली. वहिनी होती तोवर बापलेकींचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. "बाबा विचारतायत थंडी आहे का?" "बाबांना सांग, आहे." वहिनी गेली आणि मधला माणूसच गेला. दोघं आपापल्या टोकाला फोन धरून बसायची. रविवारचा फोन वीस मिनिटांवरून दहावर आला, दहावरून चारवर. त्यातली दोन मिनिटं हवामानाची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दादा स्वतः चारचौघांत शंभरदा तरी सांगत आला. भाची अठरा वर्षांची होती, शिकाऊ परवाना नुकताच हातात आला होता. तिने न विचारता दादाची गाडी काढली आणि चौकात वळताना पाण्याच्या टँकरला मागून नेऊन आपटली. दादाच्या हाताखालचा सर्व्हेअर म्हणाला, साहेब, गाडी तुम्ही चालवत होतात असं लिहून टाका, विषय संपला. दादाने फॉर्ममध्ये लेकीचं नाव लिहिलं, 'पक्का परवाना नाही' असं लिहिलं, आणि कंपनीने दावा नाकारला. "माझ्या गाडीचा क्लेम मीच बुडवला!" असं तो लग्नकार्यात, मुंजीत, कुठेही सांगायचा आणि लोक खो खो हसायचे. मीही हसायचे. भाची तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन आत जायची. ती आतच का जाते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दादा निवृत्त झाला, घरात त्याचा भिंतींशी संसार सुरू झाला. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागले, जा रे एकदा लेकीकडे. शेवटी गेला, तीन आठवड्यांसाठी. विमानतळावर न्यायला जावई आला होता. जावई सज्जन माणूस, इतका की कधी कधी राग यावा. घर नीटनेटकं, दादाला दिलेली खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल ज्या खोलीत ठेवतात ती. पलंगावर नवीकोरी चादर, तिच्या घड्या तशाच उमटलेल्या. लेक फिजिओथेरपिस्ट. सकाळी सातला दोघं बाहेर पडायची, संध्याकाळी सातला यायची, जेवायची आणि दमून आपापल्या पडद्यासमोर बसायची. दादा दिवसभर घरात एकटा. इथे भिंती निदान ओळखीच्या तरी होत्या.

तिसऱ्या दिवशी त्याने मला अहवाल दिला. "एक निरीक्षण आहे. तिची स्वतःची गाडी आहे. रोज कामावर ती चालवत जाते. पण मी बरोबर असलो की किल्ली नवऱ्याच्या हातात देते."

"मग? जावई चालवतो, तर चालवू दे की."

"काल तिच्याच गाडीतून सामान आणायला गेलो. पार्किंगमधून गाडी तिनेच बाहेर काढली. मी दार उघडून बसलो तशी ती उतरली, मागे जाऊन बसली आणि जावई पुढे आला."

मी म्हटलं, योगायोग असेल. दादा म्हणाला, योगायोग एकदा होतो, ही चौथी वेळ. मग जरा थांबून, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, त्याने विचारल्याशिवाय मनातलं सांगितलं. "अगं, मी तिला गाडी चालवताना बघितलेलीच नाही. एवढी बेचाळीस वर्षांची झाली. एकदा तिने चालवावी आणि मी शेजारी बसावं, एवढंच. गाडीत माणूस उठून दुसऱ्या खोलीत जात नाही."

हे एवढंच त्याला हवं होतं. मग सरळ म्हणायचं ना लेकीला, बाळ, मला कुठेतरी फिरवून आण! पण आमच्या घराण्यात ताकाला जाऊन भांडं लपवायची रीतच आहे. दादाने काय केलं, तर स्वतःसाठी वेगळी गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलं. कारण काय दिलं? तुमच्यावर ओझं नको.

घरापासून दहा मिनिटांवर गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीची एक शाखा होती. एकच काउंटर, काचेबाहेर धुतलेल्या चार गाड्या, आत दोन खुर्च्या आणि एक पाण्याचं यंत्र. मंगळवारी दादा तिथे गेला. काउंटरवर आखूड केसांची, चाळिशीच्या आतबाहेरची हसतमुख बाई होती. त्या भाषेतले करार वाचण्यात दादाची हयात गेली, पण बोलायची वेळ फारशी कधी आली नव्हती, त्यामुळे तो मोजून-मापून बोलत होता. परवाना दाखवला, गाडी ठरली, आणि मग बाईने तो कागद पुढे केला ज्यावर माणसं न वाचता सही करतात.

गाडी ठोकली गेली तर खर्च कुणाचा, याचे तीन प्रकार त्यात होते. पहिल्यात एका मोठ्या रकमेपर्यंतचं नुकसान भाडेकरूने सोसायचं, त्यावरचं कंपनीने. दुसऱ्यात भाडेकरूचा वाटा कमी, पण काच, टायर आणि गाडीचं पोट यांची जबाबदारी त्याचीच. तिसरं पूर्ण संरक्षण. त्यात गाडी कशीही परत आणा, किल्ली ठेवा आणि घरी जा.

"कशीही?" दादाने विचारलं.

"कशीही," बाई म्हणाली. "आम्ही गाडी तपासतसुद्धा नाही."

"म्हणजे सर्व्हेअर येत नाही?"

"कुणीच येत नाही."

दादाला धक्काच बसला. ज्या जगात ठोकलेली गाडी कुणी बघतच नाही, त्या जगात त्याच्या सदतीस वर्षांचं काय करायचं? त्याने तिसऱ्या प्रकाराकडे तुच्छतेने पाहिलं. पूर्ण संरक्षण घेतो तो स्वतःवर भरवसा नसलेला माणूस, हे त्याचं ठाम मत. त्याच्या स्वतःच्या हातून आजवर गाडीला नखसुद्धा लागलेलं नाही. त्याने सगळ्या अटी वाचल्या. मागे रांग लागली. मागच्या माणसाने दोनदा घसा खाकरला. (खिडकीच्या आतल्या बाजूने सांगते, असा एक म्हातारा दिवसातून एकदा येतोच, आणि त्याला घाई करायची नसते.) शेवटी दादाने पहिल्या प्रकारावर बोट ठेवलं. सगळ्यात कमी संरक्षण. बाईने मान डोलावली आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"तुमच्याशिवाय दुसरं कोणी ही गाडी चालवणार नाही ना?"

"हो," दादा म्हणाला.

आता आपण 'हो' म्हणतो तेव्हा काय म्हणतो? हो, तुम्ही म्हणता ते बरोबर, दुसरं कोणी चालवणार नाही. तिकडच्या भाषेत त्याच 'हो'चा अर्थ नेमका उलटा. हो, चालवणार आहे. दवाखान्यात मला कुणी "जेवला नाहीत ना?"ला "हो" म्हणालं तर मी 'उपाशी' लिहायचे. त्या बाईने पेन सरसावलं आणि विचारलं, "नाव?"

दादाला चूक कळली. त्याने मला शपथेवर सांगितलं की त्याला ती लगेच कळली होती. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण ती बाई पेन धरून थांबली होती, आणि त्या दुसऱ्या चालकाच्या रिकाम्या चौकटीकडे बघता बघता त्याच्या तोंडून लेकीचं नाव गेलं. तेही माहेरच्या आडनावासकट. मग परवान्यावर सासरचं आडनाव आहे हे आठवून त्याने ते खोडायला लावलं. म्हणाला, "माझी मुलगी आहे." काहीही गरज नव्हती सांगायची.

"मग त्यांनी परवाना घेऊन इथे येऊन सही करायला हवी," बाई म्हणाली. "शुक्रवारी सहाच्या आत. सही झाली नाही तर नाव आपोआप निघेल, आणि त्यांनी चालवलेली गाडी संरक्षणात धरली जाणार नाही."

दादाने मान हलवली. बाई छापायला वळली, एवढ्यात तो म्हणाला, "थांबा. ते तिसरं द्या. पूर्ण."

मागच्या माणसाने नि:श्वास टाकला तो दादाने नीट ऐकला.

संध्याकाळी जेवताना त्याने लेकीला सांगितलं. करारात तुझं नाव आहे, सही लागेल, शुक्रवारी सहाच्या आत. ती घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, मला विचारलं नाहीत?"

"लागली गरज तर असावं म्हणून."

"माझी गाडी आहे माझ्याकडे."

जावई लगेच सरसावला. "बाबा, माझं नाव घाला ना. मी उद्या दुपारीच करून येतो सही." म्हटलं ना, सज्जन आहे.

"करारात नाव तिचं आहे," दादा म्हणाला. एवढं बोलून विषय मिटला.

बुधवारी ती म्हणाली, उद्या बघते. गुरुवारी म्हणाली, आज दोन पेशंट जास्त होते. दादा रोज सकाळी ती भाड्याची गाडी बाहेर काढायचा, उलट्या बाजूने जपून चालवत पेट्रोल पंपापर्यंत जायचा, तिथल्या यंत्राची कॉफी प्यायचा आणि परत यायचा. गुरुवारी तो मोठ्या तलावापर्यंत गेला. तिथे माणसं जोडीने, कुत्र्यांसह, मुलांसह फिरत होती. दादा काच वर करून गाडीतच बसला. शेजारची सीट रिकामी होती तिच्यावर त्याने नकाशा ठेवला. नकाशा लागत नव्हता, पण सीट बरी दिसायची, म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, सरळ सांग तिला. मला तुझ्या शेजारी बसायचंय म्हणावं."

"असं कुणी सांगतं का?" तो म्हणाला.

असं कुणी सांगत नाही, हे खरंच. सांगितलं असतं तर माझंही आयुष्य वेगळं झालं असतं, पण ते असो.

शुक्रवारी तो चार वाजताच शाखेत जाऊन बसला. दोन खुर्च्यांपैकी भिंतीकडची. चारला दोन गिऱ्हाइकं होती, पाचला कोणी नाही. त्याने पाण्याच्या यंत्रातून तीन वेळा पाणी घेतलं, कारण नुसतं बसलं की ती बाई त्याच्याकडे कणवेने बघायची. सहाला दहा कमी असताना काचेबाहेर लेकीची गाडी येऊन थांबली. ती कामाच्याच कपड्यांत होती, गळ्यात ओळखपत्र, केस विस्कटलेले. आली! दादा उठून उभा राहिला, जसं काही मोठा साहेबच आत आलाय.

तिने परवाना काउंटरवर ठेवला. बाईने कागद काढला, सही कुठे करायची ते दाखवलं आणि त्या मोकळ्या दोन मिनिटांत, आपली सगळीच काउंटरवाली माणसं करतात तशी, चार गोड शब्द बोलायला गेली. मी माझ्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, सत्यानाश याच दोन मिनिटांत होतो.

"तुमचे वडील फार काळजी घेतात तुमची," बाई म्हणाली. "स्वतःसाठी सगळ्यात कमी संरक्षण घेत होते. तुमचं नाव सांगितलं आणि लगेच पूर्ण घेतलं."

लेकीने पेन खाली ठेवलं.

दादाकडे बघितलं नाही तिने. त्या बाईशीच बोलली, त्या बाईच्याच भाषेत, अगदी शांत आवाजात, पेशंटला व्यायाम समजावून सांगावा तशी. म्हणाली, "मी सही करणार नाही. मी वडिलांसमोर गाडी चालवत नाही. अठरा वर्षांची असताना माझा अपघात झाला होता. मी फुटपाथवर बसले होते, ओठ फाटला होता. वडील आले. हातात वही होती. त्यांनी आधी गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. मग माझ्याकडे आले आणि विचारलं, वळताना सिग्नल दिला होतास का? नंतर वीस वर्षं ही गोष्ट त्यांनी लोकांना विनोद म्हणून सांगितली. आता त्यांनी मी ठोकणार असं धरूनच विमा घेतलाय."

चोवीस वर्षांत जे मराठीत कुणाला सांगितलं नाही ते तिने एका परक्या बाईला, परक्या भाषेत, सहाला पाच कमी असताना सांगून टाकलं. ती बिचारी बाई कागदाकडे बघत राहिली.

हे दादाने मला सांगितलं तेव्हा मी ओरडलेच. "हे खरं आहे, दादा? फेरी मारलीस तू?"

"तपशील बरोबर आहे," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "ती फुटपाथवर बसलेली मला लांबूनच दिसली. ओठातून रक्त येत होतं. तिच्याकडे जायला पाय उचलेना. गाडी बघायची मला सवय होती, म्हणून गाडीकडे गेलो. वहीत काहीच लिहिलं नाही गं मी. नुसत्या रेघा मारल्या. हात थरथरत होता तो थांबेपर्यंत फेरी मारत होतो. मग तिच्याजवळ गेलो आणि तोंडाला जे येतं ते आलं."

"आणि हा पूर्ण विमा?"

"तिच्याकडून काही झालं तर कुणी गाडी बघायला येणार नाही, म्हणून घेतला. मीसुद्धा नाही. तिसऱ्या प्रकारात गाडी बघायचीच नसते."

मी कपाळाला हात लावला. एकच कागद. बापाने तो लेकीला जपायला घेतला आणि लेकीने तो आपल्यावरच्या अविश्वासाचा दाखला म्हणून वाचला. अटी नीट वाचणारा एवढा जाणता माणूस, पण स्वतःला हवं ते लिहायला त्याला कुठल्याच फॉर्ममध्ये जागा सापडली नाही. आणि मी? मी त्या लग्नांमध्ये सगळ्यांत मोठ्याने हसले होते. मला आता ते हसणं गिळता येत नाही.

"मग हे तिला सांगितलंस का तिथे?"

"तिथे माणसं होती."

"कोण माणसं? एक ती बाईच ना?"

"तीच."

शाखेत पुढे एवढंच झालं, की दादाने बाईला सांगितलं, दुसऱ्या चालकाचं नाव काढा. बाईने विचारलं, मग संरक्षण कमी करायचं का? तो म्हणाला, राहू द्या. लेक बाहेर जाऊन आपल्या गाडीपाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळची गर्दी आहे, मोठा रस्ता बंद केलाय, वळसा घालून जावं लागेल. माझ्या मागे या." आणि ती पुढे निघाली. दादा त्याच्या भाड्याच्या गाडीतून मागे.

म्हणजे त्याने तिला गाडी चालवताना बघितलं शेवटी. मागून.

"कशी चालवते?" मी विचारलं.

दादाचा आवाज बदलला. "फार छान चालवते गं. घाई नाही. आरशात बघते. पुढच्या गाडीपासून अंतर बरोबर ठेवते. आणि प्रत्येक वळणाला सिग्नल किती आधी देते! समोर वळण दिसतसुद्धा नसतं, आणि हिचा दिवा लुकलुकायला लागलेला. मी चुकू नये म्हणून देत असेल. का सवयच लागलीय, कोण जाणे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अर्ध्या रस्त्यात वाटलं, आता सांगावं," दादा म्हणाला. "वहीत काही लिहिलं नव्हतं एवढं तरी सांगावं. तिला थांबवायला म्हणून मी हॉर्न दिला."

तिकडे उगाच हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. आजूबाजूच्या दोन गाड्यांतली माणसं वळून बघायला लागली. तिकडचं कुणी असतं तर चिडलं असतं, निदान थांबून काय झालं म्हणून विचारलं असतं. पण ती आपल्याकडच्या रस्त्यावर गाडी शिकलेली. मागून हॉर्न आला म्हणजे मागच्याला साइड हवी. तिने डावा-उजवा विचार न करता गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि हात बाहेर काढून खूण केली. पुढे जा.

"मी पुढे कसा जाणार?" दादा म्हणाला. "मला रस्ता कुठे माहीत होता? मीही तिच्या मागे कडेला थांबलो. ती हात हलवतेय, पुढे जा, पुढे जा. मी म्हणतोय, अगं नाही, थांब. तिला कुठे ऐकू येणार? ती माझी वाट बघत होती, मी तिची. मग मागून एक लांबलचक ट्रक आला, त्याला जागा हवी होती. निघालो दोघं."

"आणि घरी?"

"घर आलं."

"मग आता सांग जाऊन! माझ्याशी काय बोलत बसलायस? आत जा, तिला समोर बसव आणि हे सगळं जसंच्या तसं सांग."

पलीकडे काहीतरी टिक टिक वाजत होतं. मला आधी घड्याळ वाटलं. "हे काय वाजतंय दादा? तू आहेस कुठे?"

"गाडीत. सिग्नल चालू राहिलाय." टिक टिक थांबलं. "घरासमोर उभी केलीय गाडी. पाऊण तास झाला."

"पाऊण तास? अरे, ती आत एकटी असेल, काय वाटत असेल तिला? उतर आधी."

"ती आत नाही," दादा म्हणाला. "तिची गाडी माझ्यापुढेच आहे. ती पण अजून उतरली नाही."

मी खिडकीमागे आयुष्य काढलेली बाई. माणसाला कुठल्या दारातून आत जायचं हे सांगणं हेच माझं काम होतं. मी म्हणाले, "दादा, फोन ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ त्याचा श्वास मला ऐकू येत राहिला.